एक्सुबेरांते: नसलेला एच कसा टाळावा

"स्पॅनिश सोपी हो, आपल्या मराठीसारखीच, बोलता तशी लिहायची." हा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला मला एकदा एक्सुबेरांते (भरघोस) हा शब्द लिहायला बसवायचंय. आणि मराठी तरी कुठे बोलतो तशी लिहितो? आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ कानाला लागत नाही, तसा स्पॅनिशमध्ये एच लागत नाही. तो लिहायचा असतो, उच्चारायचा नसतो.

आधी शब्द पाहून घ्या: ई, एक्स, यू, बी, ई, आर, ए, एन, टी, ई. दहा अक्षरं. डोक्यावर आघातचिन्ह नाही. स्त्रीलिंग-पुल्लिंगात बदल नाही, अनेकवचनाला शेवटी एस. एवढं झालं की सोपा भाग संपला.

आता एक्सच्या पुढे हळूच शिरणारा एच. स्पॅनिश ही मातृभाषा असलेली माणसंही तो घालतात, त्यामुळे आपण फार लाजू नये. मी मात्र लाजले होते. एका पर्यटन पुस्तिकेचं भाषांतर करताना कोस्टा रिकातल्या जंगलाच्या फोटोखाली, चांगल्या ठळक अक्षरांत, मी हा शब्द एच घालून दिला. पुस्तिका छापून हातात आली तेव्हा दिसला. संगणकाने लाल रेघ मारली होती, पण "याला काय कळतंय" म्हणून मीच ती पुसली होती.

चूक होते ती शेजाऱ्यांमुळे. एक्साउस्तो (थकून गेलेला), एक्सिबिर (प्रदर्शन करणं), एक्सालार (श्वास सोडणं), एक्सुमार (पुरलेलं प्रेत उकरून काढणं) या सगळ्यांत एक्सनंतर एच आहे. एक्सुमार तर ऐकायला सुरुवातीला अगदी आपल्या शब्दासारखाच. हात सवयीने एच ओढतो.

यावर "यादी पाठ करा" असं सांगतात. करू नका, परीक्षेच्या दिवशी यादीच उलटी आठवते. त्यापेक्षा पुढचं 'एक्स' झाका आणि मागे कोणाचं घर उरतं ते बघा. एक्सालारची बहीण इनालार म्हणजे श्वास आत घेणं, तिच्यात एच आहे. एक्सिबिरची इनिबिर, तिच्यातही आहे. एक्सुमारच्या पोटात लॅटिन हुमुस, म्हणजे माती. ती एचनेच सुरू होते. आणि एक्सुबेरांतेच्या पोटात? ऊब्रे. ऊब्रे म्हणजे गाईची कास, आणि ती लिहिताना एच लागत नाही. लॅटिनमध्ये ऊबेर म्हणजे कास, आणि सुपीक, भरघोसही. त्यावरून एक्सुबेरारे, म्हणजे भरून वाहणं. संस्कृतातलं ऊधस् (कास) आणि हे ऊबेर एकाच मुळातून आलेले. धार काढायला बसावं आणि भांडं भरून दूध बाहेर सांडावं, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. त्या चित्रात एचला जागाच नाही. एक्सोर्बितांतेही (अवाच्या सवा, किमतीबद्दल म्हणतात तो) असाच सुटतो: आत ओर्बिता, म्हणजे ग्रहाची कक्षा, म्हणून एच नाही. एक्साउस्तोला मात्र ही युक्ती चालत नाही, त्याची बहीण रोजच्या स्पॅनिशमध्ये सापडत नाही. तो तेवढा पाठ करा.

इंग्रजीतल्या 'एक्झ्युबरंट'वरून ताडून बघा असंही कोणी सुचवतं. या शब्दापुरतं ते बरोबर येतं, पण इंग्रजीतही लोक इथे एच घालतातच, तेव्हा आंधळ्याने आंधळ्याला रस्ता विचारण्यासारखं आहे.

दुसरी चूक बीच्या जागी व्ही लिहिण्याची. स्पॅनिशमध्ये दोन्ही अक्षरांचा उच्चार एकच, म्हणून कान इथेही उपयोगाचा नाही. पुन्हा ऊब्रे आठवा, बी जागेवर येतो.

उच्चाराला आपण मराठी लोक नशीबवान. टी म्हणजे आपला त, ट नव्हे. आर म्हणजे साधा र. एक्सचा 'क्स' करा, इंग्रजीसारखा 'ग्झ' नको. जोर 'रान्' वर: एक्-सु-बे-रान्-ते. अडतो तो 'बे'. दोन स्वरांच्या मध्ये आलेला हा ब पुरता ब नाही आणि आपला व पण नाही. गरम चहावर फुंकर घालताना ओठ जवळ येतात पण मिटत नाहीत ना, तसे ठेवून 'बे' म्हणा. खालचा ओठ वरच्या दातांना लागला तर 'वेळ' मधला 'वे' झाला, पुन्हा करा. मला हे जमायला एक पावसाळा लागला.

अर्थ: ओसंडून वाहणारं, भरघोस. 'सेल्वा एक्सुबेरांते' म्हणजे गच्च, माजलेलं जंगल. 'इमाहिनासियोन एक्सुबेरांते' म्हणजे आवरता न येणारी कल्पनाशक्ती. विशेषण बहुधा नामाच्या मागून येतं.

एक धोका मात्र आहे. इंग्रजीत 'एक्झ्युबरंट' उत्साही माणसाला म्हणतात, त्या सवयीने उत्साही बाईला 'एक्सुबेरांते' म्हणायला जाऊ नका. स्पॅनिशमध्ये बाईला हा शब्द लावला की ऐकणाऱ्याचं लक्ष तिच्या स्वभावाकडे नाही, भरलेल्या अंगाकडे जातं. ऑफिसातल्या सहकारी बाईंच्या उत्साहाचं कौतुक करायचं असेल तर एन्तुसियास्ता म्हणा, हसतमुख म्हणायचं असेल तर आलेग्रे.