ऑनलाइन कॅल्क्युलेटरला वायरची जाडी विचारण्याआधी

वायरची जाडी, व्होल्टेज ड्रॉप (वायरमध्ये वाटेतच कमी होणारं व्होल्टेज), एमसीबीचं (करंट जास्त झाला की आपोआप बंद पडणाऱ्या स्विचचं) रेटिंग हे सगळं आता फोनवर क्षणात निघतं. गणित बहुतेक वेळा बरोबरच असतं. घोळ होतो तो आपण काय भरलं आणि कॅल्क्युलेटरने न विचारता काय गृहीत धरलं, यात. म्हणून तो उघडण्याआधी कागद-पेन घ्या.

पहिलं काम नेमप्लेट, म्हणजे यंत्रावरची माहितीची पाटी, वाचण्याचं. लोड, म्हणजे यंत्र किती वीज घेतं ते, अंदाजाने लिहू नका, त्यातही मोटर असेल तर मुळीच नको. पाटीवरचे एचपी (हॉर्सपॉवर) म्हणजे शाफ्टवर मिळणारी ताकद. वायरमधून त्याहून जास्त वीज ओढली जाते. 5 एचपीची थ्री-फेज मोटर 400 व्होल्टवर नुसत्या वॅटच्या हिशेबाने 5.4 अँपिअर घेईल असं दिसतं. 0.85 कार्यक्षमता आणि 0.8 पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटचा प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) धरला की तोच आकडा 7.9 होतो. पाटीवर अँपिअर दिले असतील तर थेट तेच घ्या. सुरू होताना मोटर काही क्षण सहा-सात पट करंट खेचू शकते, तेही बाजूला टिपून ठेवा.

मग अंतर. वायर जशी चढते, उतरते, वळते तशीच टेप फिरवा. कॅल्क्युलेटरला एकेरी लांबी हवी आहे की जाऊन-येऊन, हे नीट शोधा. 2.5 चौरस मिमीची तांब्याची वायर, 30 मीटर अंतर, 16 अँपिअर, 230 व्होल्ट असं धरा. जाणारी आणि परतणारी अशा दोन्ही तारा मोजल्या तर 6.6 व्होल्ट पडतात, म्हणजे 2.9 टक्के. एकच तार मोजली तर ड्रॉप निम्माच दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. शिवाय हे उत्तर तांबं 20 अंश सेल्सिअसला असतानाचं आहे. भरल्या लोडवर तीच तार 70 अंशांपर्यंत तापली तर ड्रॉप 7.9 व्होल्टवर, म्हणजे 3.4 टक्क्यांवर जातो. मर्यादा 3 टक्क्यांची असेल, तर एकाच वायरला एक कॅल्क्युलेटर पास करतो आणि दुसरा नापास. कोणतं तापमान धरलंय हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर तो कॅल्क्युलेटर सोडून द्या.

धातू कोणता ते तपासा; अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या साधारण 1.6 पट असतो. गेज नंबरही, म्हणजे वायरच्या जाडीचा क्रमांक, जपून भरा. अमेरिकन गेजमध्ये 12 नंबर म्हणजे 3.3 चौरस मिमी, ब्रिटिश स्टँडर्ड गेजमध्ये 12 नंबर म्हणजे जवळपास 5.5.

आता सर्वात जास्त वेळ द्यायची गोष्ट: वायर कुठून जाते. वायरच्या तक्त्यातली करंट क्षमता, म्हणजे ती सुरक्षितपणे किती करंट वाहू शकते तो आकडा, ठरावीक परिस्थितीपुरती असते, बहुधा 30 अंशांची हवा आणि एकटं सर्किट. पीव्हीसी इन्सुलेशनची 2.5 ची वायर भिंतीवरच्या पाइपात 24 अँपिअर वाहते, असं तक्ता सांगतो. पण भोवतालची हवा 40 अंश असेल तर 0.87 ने गुणायचं, त्याच पाइपात आणखी दोन भरलेली सर्किटं असतील तर 0.70 ने. उरतात 14.6 अँपिअर. तिच्यावर 16 चा एमसीबी बसवला, तर वायर तापत राहील आणि एमसीबी गप्प बसेल. त्यामुळे पाइपात किती सर्किटं आहेत हे स्वतः बघा, आणि वायर छताखालून किंवा उष्णतारोधक थरातून जात असेल तर तेही लिहा.

काही गोष्टी कोणत्याच रकान्यात भरता येत नाहीत. जुनं, तडकलेलं इन्सुलेशन. अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का. सैल टर्मिनल. एखाद्या जॉइंटवर अर्धा ओहम रोध असेल आणि त्यातून 16 अँपिअर जात असतील, तर त्या एका बिंदूवर 128 वॅट उष्णता तयार होते. करंट वाढलेला नसतो, त्यामुळे एमसीबी पडत नाही, आणि आग लागते ती अशाच ठिकाणी. म्हणून टर्मिनल तपासून, घट्ट करून घेणं यादीत हवंच.

उत्तर आलं की एकदा हाताने गुणाकार करून पाहा, मग दुसऱ्या कॅल्क्युलेटरवर तीच माहिती भरा. फरक पडला तर गृहीतकं शोधा. सरासरी काढू नका. भरलेल्या सगळ्या आकड्यांसह कागद परवानाधारक इलेक्ट्रिशियनला दाखवा. आपल्या भागाचे नियम आणि शॉर्ट सर्किटचा हिशेब त्याने बघायचा आहे.

आणि त्याने बोर्ड उघडण्याआधी मेन स्विच बंद करून कुलूप लावलं जाईल, याची सोय करा. मल्टिमीटर आधी चालू असलेल्या दुसऱ्या सप्लायवर तपासायचा, मग बंद सर्किटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजायचं, आणि मीटर मध्येच बिघडला नाही ना, हे बघायला पुन्हा त्या चालू सप्लायवर लावायचा. तारेला हात त्यानंतर.