टर्बो गाडीच्या मॅनिफोल्डचं पोर्टिंग : ग्राइंडर हातात घेण्याआधी या चुका टाळा

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला जळका वायू गोळा करून टर्बोकडे नेणारा बिडाचा नळ्यांचा भाग) पोर्ट करून, म्हणजे आतल्या वाटा कोरून मोकळ्या करून, बसवला आणि गाडी आधीपेक्षा मंद झाली, अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न एकच विचारतो : गॅस्केट (गळती होऊ नये म्हणून जोडात घालायची पातळ पट्टी) तोंडावर ठेवून, रेघ मारून, तेवढं भोक मोठं केलंत का? बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं.

ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे आणि ती प्रामाणिकपणे होते. गॅस्केटचं भोक मुळातच पोर्टपेक्षा, म्हणजे इंजिनाच्या हेडमधून वायू बाहेर पडायच्या तोंडापेक्षा, मोठं कापलेलं असतं. तिची कड वायूच्या वाटेत येऊन जळू नये, म्हणून ती जागा सोडलेली असते. त्या मापानं मॅनिफोल्डचं तोंड कोरलं की हेडमधून वेगानं आलेला वायू अचानक रुंद जागेत पडतो आणि लगेच पुढच्या अरुंद रनरमध्ये (त्या सिलिंडरच्या नळीत) कोंबला जातो. वेग तिथेच मरतो. टर्बाइनला, म्हणजे या वायूवर फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाला, दाब लागतो, उष्णता लागते आणि प्रत्येक सिलिंडरचा वेगळा धक्काही लागतो. ते धक्के बोथट झाले की बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, उशिरा येतो.

माप घ्यायचं ते हेडच्या पोर्टचं. पोर्टच्या कडेला मार्किंगची निळी शाई लावा, गॅस्केट न घालता मॅनिफोल्ड स्टडवरून (हेडमध्ये बसवलेल्या आट्यांच्या दांड्यांवरून) सरकवून दाबा आणि काढा. उमटलेला ठसाच खरं सांगतो. मॅनिफोल्डची कड ठशाच्या आत येत असेल, तर तेवढीच काढायची. मॅनिफोल्ड हेडपेक्षा चारी बाजूंनी अर्धा ते एक मिलिमीटर मोठा राहिला तर चालतो, पण लहान राहिला तर वायू थेट भिंतीवर आदळतो.

इथेच एक जोडचूक होते. ठसा हलू नये म्हणून काही जण स्टडच्या सैल भोकांत बुश (फट भरणारी छोटी नळकांडी) ठोकतात आणि ते तसेच ठेवून देतात. त्या भोकांचा सैलपणा मुद्दाम दिलेला असतो. साधारण 40 सेंटीमीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड 600 अंशांनी तापला तर अडीच मिलिमीटरच्या आसपास वाढतो. त्याला सरकायला जागा मिळाली नाही तर तो वाकतो, तडकतो किंवा टोकाचा स्टड तोडतो. ठसा घेण्यापुरते बुश घाला, मग आठवणीनं काढा.

खरा फायदा कुठे आहे, तर दुसऱ्या टोकाला. रनर एकत्र येतात तिथे ओतकामाचे उंचवटे आणि धारदार कडा असतात, आणि टर्बोच्या फ्लँजला (टर्बो बोल्टनं जोडायच्या सपाट तोंडाला) बऱ्याचदा चक्क पायरी असते. हाताशी दोन तास असतील तर मी दीड तास इथे घालवेन. पण भिंतीची जाडी मोजल्याशिवाय नाही. ओतताना आतला गाभा जरासा सरकला की एका बाजूची भिंत सहा मिलिमीटर आणि समोरची तीन, असं सहज होतं. तोंडाजवळ कॅलिपर पोहोचतो. वळणाच्या आत अल्ट्रासॉनिक गेज लागतं. ते नसेल तर एक मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका, आणि वळणाच्या आतल्या बाजूचे फक्त उंचवटे काढा. बर (ग्राइंडरचं कोरणारं टोक) फिरताना एखादी जागा बाकीच्यांपेक्षा लवकर हाताला चटका देऊ लागली, तर तिथे धातू कमी उरलाय असं समजून थांबा.

ट्विन स्क्रोल, म्हणजे टर्बाइनपर्यंत दोन वेगळ्या वाटा असलेल्या, मॅनिफोल्डची मधली भिंत हा माझ्या मनाला लागलेला विषय आहे. 1-3-4-2 क्रमानं पेटणाऱ्या इंजिनात 1 आणि 4 एका वाटेनं, 2 आणि 3 दुसऱ्या वाटेनं टर्बाइनपर्यंत जातात. या भिंतीमुळेच एकाचा धक्का दुसऱ्याला आडवा येत नाही. सुरुवातीच्या काळात मी एका मॅनिफोल्डची ही भिंत सुरीच्या पात्यासारखी घासली होती. दिसायला देखणी झाली होती. काही महिन्यांनी टर्बो उतरवला तेव्हा त्या धारेवर तीन तडे होते आणि एक टवका नखानं हलत होता. मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या अगदी तोंडाशी! तेव्हापासून मी ती कड फक्त गोल करतो, किमान तीन मिलिमीटर जाडी ठेवून.

आरशासारखं पॉलिश करण्यात वेळ घालवू नका. काही दिवसांत सगळीकडे काजळी बसते. 80 नंबरच्या पेपरचा हात पुरे.

पोर्टिंगनंतर बूस्ट आवरत नाही?

पूर्ण ॲक्सिलरेटरवर बूस्ट एक बारवर थांबायला हवा, पण आरपीएमबरोबर तो 1.2, 1.3 असा चढतच राहतो. क्षणभर उसळून खाली येणारा बूस्ट वेगळा. हा उतरतच नाही. याला बूस्ट क्रीप म्हणतात. अशा वेळी लोक बूस्ट कंट्रोलर फिरवत बसतात आणि काहीच होत नाही, कारण वेस्टगेटची (जास्तीचा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या वाटेची) झडप आधीच पूर्ण उघडी असते. टर्बाइनकडची वाट मोकळी झाली, वेस्टगेटची वाट मात्र होती तेवढीच राहिली. म्हणून ती वाटही त्याच वेळी साफ करायची. तिचं भोक वाढवायचं असेल तर झडपेला टेकायला चहूबाजूंनी दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवा. तेवढी राहिली नाही तर झडप नीट बंद होणार नाही आणि बूस्ट यायलाच वेळ लागेल. बूस्ट चढतोय हे दिसलं की प्रश्न सुटेपर्यंत गाडी दामटू नका, इंजिन जाईल.

मॅनिफोल्ड गाडीवर असताना पोर्टिंग कधीच करू नका. बिडाची पूड नाकात जाते, मास्क आणि चष्मा हवाच. काम झालं की रॉकेल, बाटली धुण्याचा लांब ब्रश आणि कॉम्प्रेसरची हवा, असं तीन-चारदा करा. शेवटी लोहचुंबकावर पांढरं फडकं गुंडाळून प्रत्येक रनरमधून फिरवा. फडक्यावर काळे कण दिसले तर पुन्हा धुवा.

बसवताना मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पाती) लावा. 0.10 मिलिमीटरचं पातं कुठेही आत शिरत असेल तर तोंड मशीनवर सपाट करून घ्या. फट सिलिकॉननं भरू नका. ते साधारण तीनशे-साडेतीनशे अंशांपर्यंत टिकतं आणि इथे वायू आठशे-नऊशेच्या घरात असतो. गॅस्केट नवीनच घ्या. नट मधून बाहेरच्या दिशेनं, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं आवळा.

थंड इंजिनावर टिकटिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर जातो, जोडाशी काजळीची रेघ दिसते, बूस्ट उशिरा येतो, ही गळतीची लक्षणं आहेत. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असली तर दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ (हवेच्या मानानं इंधन कमी) असल्याचं सांगतो आणि माणूस विनाकारण इंधन वाढवतो. म्हणून ट्यूनिंगला हात लावण्याआधी इंजिन बंद आणि थंड असताना सायलेन्सरच्या टोकातून व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी नळी लावा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडा. हेडकडचे जोड आणि टर्बोचा फ्लँज खालच्या बाजूनंही बघा. तिथे आरसा धरावा लागतो, आणि फुगे बहुधा तिथेच सापडतात.