गड बघायचा तर वेढा घालणाऱ्याच्या नजरेने

गडावर पोहोचलात की थेट बालेकिल्ल्याकडे पळू नका. आमच्या ग्रुपला मी आधी दरवाजापाशी थांबवतो, कारण खरी लढाई तिथेच कळते.

रायगडचा महादरवाजा घ्या. खालून चढताना दोन भक्कम बुरूज दिसतात, दरवाजा दिसतच नाही. बुरुजांमधल्या चिंचोळ्या वाटेने वळून आत शिरलं की मगच तो समोर येतो. ही गोमुखी बांधणी. खालून डागलेला तोफगोळा दाराला लागत नाही आणि हत्तीला धडक द्यायला धाव घेता येत नाही. तिथेच उभं राहून मान वर करा. आपण चहूबाजूंनी माऱ्यात आहोत हे सांगावं लागत नाही.

आता तटावर जाऊन जंगीला, म्हणजे मारा करण्यासाठी तटात ठेवलेल्या भोकाला, डोळा लावा. ती आतून रुंद, बाहेर निमुळती आणि खाली उतरती असते. एकीतून वाटेचा एक तुकडा दिसतो, शेजारच्या जंगीतून पुढचा. खाली लपायला कुठे जागा उरते का, ते शोधा.

मग शत्रू व्हा. तोफा कुठे चढवाल? पुरंदरवर याचं उत्तर समोरच उभं आहे: वज्रगड. 1665 साली मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी मोठ्या कष्टाने तोफा वर चढवून आधी वज्रगड फोडला. एप्रिलच्या मध्याला तो पडला आणि पुरंदरची माची, म्हणजे बालेकिल्ल्याखालची तटबंदीची सपाटी, माऱ्यात आली. लाकडी दमदमे, म्हणजे तोफांसाठीचे उंच मचाण, उभारून मोगल तटाला भिडले. मुरारबाजी देशपांडे पडले तरी बालेकिल्ला झुंजत राहिला; जूनमध्ये तह झाला आणि 23 किल्ले गेले. म्हणून कुठल्याही गडावर आधी शेजारचा डोंगर बघा. किल्ल्याजवळ असा डोंगर असू नये, असल्यास सुरुंग लावून कमी करावा, असं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही बजावलं आहे.

चाकणसारख्या भुईकोटाचं, म्हणजे सपाट जमिनीवरच्या किल्ल्याचं, दुखणं वेगळं. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळपास दोन महिने शाइस्ताखानाला दाद दिली नाही. शेवटी मोगलांनी जमिनीखालून भुयार खणून बुरूज उडवला. डोंगरी किल्ल्याचा कातळ असं सहज खणू देत नाही.

पाण्याची टाकी बघायला मात्र पावसाळ्यात जाऊ नका, तेव्हा सगळीच भरलेली असतात. एप्रिल-मेमध्ये जा. ज्या टाक्यात तेव्हाही पाणी असेल, शिबंदी, म्हणजे गडावरची फौज, वेढ्यात तगायची ती त्याच्याच जोरावर.