स्क्वॉडचं कॉमिक काढायचंय? आधी कान लावा

दिवसभर मी सांगलीत फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बॅनर करतो आणि रात्री साडेदहाला बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमला बसतो. आमच्या चौघांच्या स्क्वॉडवर मी चार-चार चौकटींची कॉमिकं काढतो. ‘सुचतं कसं लगा?’ असं विचारणाऱ्यांसाठी हे.

स्क्रीनशॉट समोर ठेवून काढू नका. मी आधी तेच करायचो. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली, तेव्हा फोनमध्ये ढीगभर स्क्रीनशॉट उरले होते. गेममधल्या पोचिंकी गावातली घरं, विमान, पॅराशूट. पण आम्ही हसलो कशाला होतो, ते एकातही नव्हतं. २ जुलै २०२१ ला पबजीचंच भारतातलं रूप म्हणून बीजीएमआय आलं, त्या रात्रीपासून शेजारी वही ठेवतो. गेममधल्या एरँगल बेटाचा ८ बाय ८ किलोमीटरचा नकाशा सगळ्यांना सारखाच. माइकवर जे ऐकू येतं ते फक्त तुमचं.

मॅच संपली की लॉबीतच लिहून काढा, जसं बोलले तसंच. सकाळपर्यंत ठेवलंत तर त्याची पुस्तकी मराठी होते. आमचा नागपूरवाला ‘थांब बे, तिसरी शिट्टी झाली’ म्हणून गॅस बंद करायला गेला. झोन (बाहेर राहिलं तर मारणारं, आकसत जाणारं वर्तुळ) येतोय आणि हा उघड्या रानात पुतळ्यासारखा. पहिल्या चौकटीत तो एकटा. दुसरीत आम्ही तिघं झाडामागून त्याच्या खिचडीला कव्हर देतोय. तिसरी पूर्ण काळी, नुसतं ‘फुस्स’. चौथीत: ‘आलो बे. मीठ राहिलं वाटते.’ गोळी एकही काढली नाही.

नॉक झालेल्याला, म्हणजे गोळी लागून आडवा झालेल्या गड्याला, उठवायला १० सेकंद लागतात, त्यावर विशेष लक्ष ठेवा. दोघंही जागेवर अडकलेले असतात, बंदुकीला हात लावता येत नाही, मग माणूस बोलतो. ‘एक विषय राहिला माझा. घरी सांगितलं नाय अजून.’ हे मला स्मोक ग्रेनेडच्या धुरात ऐकायला मिळालंय. ते मात्र काढलं नाही.

साहित्याचं फार मनावर घेऊ नका. दुकानातल्या रद्दीची कोरी बाजू, पेन्सिल, ०.५ चं काळं पेन. कपडे गेममधले काढा, चेहरे घरातले. आयडीची नावं बदला.

आणि ग्रुपवर टाकायच्या आधी विचारा. एकाच्या आईचं ओरडणं मी न विचारता टाकलं, तर गडी आठ दिवस ऑनलाइन आला नाही. शेवटी त्याच्या घरी जाऊन काकूंनाच कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून चारही चौकटी नीट बघितल्या.

‘लाटणं कशाला दिलंयस हातात? भाकरी थापत होते मी.’