घरच्या रेकॉर्डिंगसाठी हेडफोन कसा निवडावा

भावगीताची शेवटची ओळ संपते, स्वर हळूहळू विरत जातो आणि त्या शांततेत बारीक टिक टिक ऐकू येते. गाणाऱ्याच्या हेडफोनमधला क्लिक, म्हणजे लय धरायला लावलेला मेट्रोनोमचा ठोका, बाहेर पडून माइकमध्ये शिरलेला असतो. माझा एक फार सुंदर टेक असा वाया गेला आहे. बारीकसा आवाजही टिपणारा कंडेन्सर माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असतो आणि कान तिथून काही लांब नसतात. एकदा आवाजात मिसळलेला क्लिक पुढे स्वच्छ काढता येत नाही. म्हणून हेडफोन निवडताना ब्रँड आणि किंमत नंतर बघा, आधी काम ठरवा.

पायरी 1: गाणार आहात की मिक्स करणार?

गाताना किंवा वाजवताना क्लोज्ड-बॅक हेडफोन हवा. त्याची पाठ बंद असते, त्यामुळे आतला आवाज आतच राहतो. सोनी एमडीआर-7506, ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम40एक्स, बायरडायनॅमिक डीटी 770 प्रो हे या जातीतले. मिक्सिंगला, म्हणजे रेकॉर्ड केलेले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवायला, ओपन-बॅक चांगला, उदाहरणार्थ सेनहायझर एचडी 600. त्याची पाठ जाळीदार असते. आवाज आतल्या आत आपटून घुमत नाही, त्यामुळे पेटी आणि गळा कुठे एकमेकांवर चढतात ते मोकळेपणाने कळते. पण जाळीतून आवाज बाहेर जातो तसा आतही येतो. खाली रिक्षा आणि डोक्यावर पंखा असलेल्या खोलीत ओपन-बॅकचा खरा उपयोग रात्री उशिराच होतो.

पैसे एकाच हेडफोनपुरते असतील तर डोळे झाकून क्लोज्ड-बॅक घ्या. त्यावर मिक्स करता येते, थोडी जास्त काळजी घ्यावी लागते इतकेच. ओपन-बॅकवर मात्र नाजूक गळा रेकॉर्ड करता येत नाही. एकेजी के240सारखे सेमी-ओपन मधला मार्ग वाटतात, पण गळतीच्या बाबतीत ते ओपनच्याच बाजूला झुकतात.

पायरी 2: वायर हवीच

ब्लूटूथ या कामाला चालत नाही. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंदांची असते. साध्या ब्लूटूथला 150 ते 200 मिलिसेकंद सहज उशीर होतो, म्हणजे मात्रेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. अशाने सम कुणाला सापडणार?

पायरी 3: ओहम बघा

हेडफोनच्या माहितीत इम्पिडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये दिलेला असतो. लॅपटॉप किंवा छोट्या ऑडिओ इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणारे उपकरण) 32 ते 80 ओहमचे हेडफोन आरामात वाजतात. डीटी 770 प्रो 80 आणि 250 अशा दोन्ही ओहममध्ये मिळतो, तेव्हा मागवताना आकडा नीट वाचा. एचडी 600 तर 300 ओहमचा आहे. असा हेडफोन थेट लॅपटॉपला लावला तर आवाज पुरत नाही आणि वेगळा अँप घ्यावा लागतो. खोक्यावरच्या ‘10 ते 40,000 हर्ट्झ’ अशा मजकुराला फार महत्त्व देऊ नका. माणसाला जास्तीत जास्त 20,000पर्यंत ऐकू येते आणि वय वाढेल तसे तेही कमी होत जाते.

पायरी 4: ओळखीच्या आवाजावर ऐका

शक्य असेल तर ऐकूनच घ्या, आणि दुकानदाराचे गाणे नको, आपले न्या. मी तीन गोष्टी ऐकतो. पहिली, तंबोऱ्याची खर्जाची तार. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा खर्जाचा षड्ज साधारण 69 हर्ट्झचा असतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर त्याचा मूळ स्वर जवळजवळ नसतोच, चांगल्या हेडफोनवर तो भरीव लागला पाहिजे. दुसरी, डग्ग्याची मींड. ती गोल ऐकू यावी, नुसती धपधप नको. तिसरी, ‘स’, ‘श’, ‘च’ असलेली ओळ. हेडफोनचा ट्रेबल चढा असेल तर ही अक्षरे टोचतात. मग मिक्समध्ये आपण ती जास्त कापतो आणि बाहेर गाणे बोथट वाजते. डीटी 990 प्रो अनेकांना आवडतो, पण त्याचा ट्रेबल चढा आहे हे लक्षात ठेवा.

चष्मा असेल तर चष्म्यासकटच ऐका. काडीमुळे गादी कानाभोवती नीट बसत नाही, फट राहते आणि बास निसटतो. किमान वीस मिनिटे घालून बसा. रेकॉर्डिंगला पंखा बंद असतो, त्यामुळे मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत रेक्झिनच्या गाद्या घामेजतात आणि काही पावसाळ्यांत त्यांचे पापुद्रे निघतात. सुट्या गाद्या आणि बदलता येणारी वायर मिळते का, हे आधीच विचारा. बरीच वर्षे वापरायची वस्तू आहे.

पायरी 5: घरी गळती तपासा

हेडफोन डोक्यावर चढवा, माइकसमोर गाण्याच्या जागी बसा, नेहमीच्या आवाजात क्लिक लावा आणि काही न गाता एक मिनिट रेकॉर्ड करा. मग ते मोठ्याने ऐका. क्लिक ऐकू आला तर आधी त्याचा आवाज उतरवा, शेवटच्या स्वराआधी तो बंद होईल अशी सोय करा. अनेक गायक स्वतःचा सूर ऐकायला एक कान उघडा ठेवतात. तेव्हा त्या बाजूचा आवाज पूर्ण बंद करा, नाहीतर महागडा क्लोज्ड-बॅकही गळेल.

पायरी 6: मिक्स करताना

स्पीकरवर डावा स्पीकर उजव्या कानालाही ऐकू येतो, हेडफोनवर तसे होत नाही. म्हणून तबला डावीकडे आणि पेटी उजवीकडे ठेवली की हेडफोनमध्ये ती फारच लांब गेल्यासारखी वाटतात. रिव्हर्बचा (आवाजाच्या घुमाऱ्याचा) आणि बासचा अंदाजही चुकतो. ओळखीची दोन-तीन गाणी त्याच हेडफोनवर रोज ऐका, मिक्स करताना मध्येच ती लावून तुलना करा, शेवटी स्पीकरवर आणि गाडीत तपासा.

आवाज बेताचा ठेवा. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास ही मर्यादा आहे आणि पुढच्या दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 88ला 4 तास. मी तासाभराने हेडफोन काढतो, दहा मिनिटे गॅलरीत उभा राहतो आणि परत आल्यावर आवाज आधीपेक्षा थोडा कमी करून सुरुवात करतो.