मृत्यूचा दाखला: आधी नोंद शोधा, मग अर्ज करा

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले ते तालुक्याच्या गावच्या रुग्णालयात, पहाटे. तेरावं झाल्यावर मी आमच्या ग्रामपंचायतीत गेले आणि त्यांच्या मृत्यूचा दाखला मागितला. ग्रामसेवकांनी रजिस्टरची पानं माझ्यासमोर उलटली. अण्णांचं नाव नव्हतं. जन्म काढला त्या गावाच्या वहीत त्यांचा शेवट नाही, हे बघून मला तिथंच रडू आलं. ग्रामसेवकांनी पाणी दिलं आणि विचारलं, "ताई, वारले कुठं?"

हा प्रश्न मला आधी कुणी विचारला असता तर एक हेलपाटा वाचला असता. मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथं होत नाही, मृत्यू जिथं झाला तिथं होते. खेड्यात घरी झाला तर त्या ग्रामपंचायतीत, शहरात झाला तर नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात. मुंबईसारख्या शहरात प्रभागाचं कार्यालय वेगळं धरावं लागतं. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर खबर देण्याची जबाबदारी रुग्णालयाची, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची किंवा जवळच्या नातेवाइकाची. म्हणून रुग्णालयातून निघतानाच विचारून घ्या: खबर कोणत्या कार्यालयात पाठवणार, आणि कधी. काही सरकारी रुग्णालयांत नोंद तिथल्या तिथंच होते.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट करा. दुःखात ती सुचत नाही, म्हणून आवर्जून सांगते. रुग्णालय जो मृत्यूच्या माहितीचा फॉर्म भरतं त्यातलं नाव स्वतः वाचा. आम्ही वाचलं नाही. भरती करताना माझ्या भावानं घाईत 'बापू' सांगितलं, तेच पुढं गेलं. आधारवर, सातबाऱ्यावर आणि बँकेच्या पासबुकात अण्णा 'बापूराव' आहेत. हे एक 'राव' लावून घ्यायला पुढं दीड महिना गेला. आधार कार्ड समोर ठेवून मृताचं पूर्ण नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आईचं नाव, वय, पत्ता आणि मृत्यूची तारीख ताडून बघा. रात्री बारानंतर मृत्यू झाला असेल तर तारखेकडं दोनदा बघा.

नियम सांगते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे आणि त्यातल्या २०२३ च्या दुरुस्त्या १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहेत. खबर २१ दिवसांच्या आत द्यायची. त्यानंतर, मृत्यूपासून ३० दिवसांपर्यंत, विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवस उलटले आणि वर्ष व्हायचं असेल तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं तर जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश आणावा लागतो. घरी मृत्यू झाला असेल तर हे २१ दिवस विसरू नका. नोंद झाली की सात दिवसांच्या आत खबर देणाऱ्याला पहिला दाखला मोफत द्यायचा आहे, असं कायद्यातच आहे. पुढच्या प्रतींना शुल्क पडतं. ते भरा आणि पावती घ्या.

अण्णांची नोंद नगरपालिकेत सापडली. खिडकीवर छापील अर्ज असतो, पण मी साध्या कागदावर लिहून नेला होता आणि तोच चालला. मायना साधा ठेवा: "मा. निबंधक, जन्म व मृत्यू नोंदणी, यांस. विषय: मृत्यू दाखल्याच्या पाच प्रती मिळणेबाबत. माझे वडील (पूर्ण नाव) हे दिनांक अमुक रोजी (रुग्णालयाचे नाव) येथे मयत झाले आहेत. त्यांच्या मृत्यू नोंदीचे प्रमाणपत्र वारसनोंद व बँकेच्या कामासाठी हवे आहे." खाली आपलं नाव, मृताशी नातं, पत्ता, मोबाइल, सही. सोबत आपलं आणि मृताचं आधार, रुग्णालयाचा कागद आणि असल्यास स्मशानभूमीची पावती. नोंदणी क्रमांक माहीत असेल तर तो सगळ्यात वर, ठळक लिहा. क्रमांक आणि नोंदणीची तारीख असली की कारकुनाला शोधावं लागत नाही. नसेल तर निदान मृत्यूची तारीख आणि ठिकाण अचूक द्या.

अर्जाची दुसरी प्रत न्या आणि त्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "राहू द्या, मी लक्षात ठेवतो" असं समोरचा कितीही मायेनं म्हणाला तरी पोच घ्याच. मुदतीत काम झालं नाही तर लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं, आणि त्या अपिलाला तारीख दाखवावी लागते.

दाखला हातात आला की खिडकी सोडू नका. तिथंच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं वाचा, इंग्रजीत एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी बँक परत पाठवते. मी वाचलं म्हणून 'बापू' तेव्हाच दिसला.

तेव्हा मला वाटलं होतं, दाखल्यावर दुरुस्ती करून मिळेल. तसं होत नाही. दाखला म्हणजे रजिस्टरमधल्या नोंदीचा उतारा. दुरुस्ती नोंदीत व्हावी लागते, मग नवा दाखला निघतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधक मूळ नोंद न खोडता समासात शेरा लिहितात आणि सही-तारीख घालतात. मी अर्जासोबत अण्णांचं आधार, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, 'बापू' आणि 'बापूराव' ही एकच व्यक्ती असल्याचं माझं घोषणापत्र आणि अण्णांना ओळखणाऱ्या दोन माणसांचे लेखी जबाब दिले. रुग्णालयाकडूनही चूक झाल्याचं पत्र आणलं. सगळ्यात उपयोगी तेच पत्र पडलं, कारण खबर त्यांनीच दिली होती.

मृत्यूचं कारण या दाखल्यावर नसतं. आमच्या विमा एजंटनं "कारण लिहून आणा" म्हटल्यावर मी पुन्हा नगरपालिकेत गेले आणि रिकामी परत आले. कलम १७ प्रमाणे मृत्यूच्या उताऱ्यात कारण उघड करता येत नाही. मला हा नियम फार योग्य वाटतो. माणूस कशानं गेला हे प्रत्येक टेबलावर वाचलं जायची गरज नाही. विम्याला कारण हवं असेल तर डॉक्टरांनी दिलेलं मृत्यूच्या कारणाचं वेगळं प्रमाणपत्र रुग्णालयाकडून घ्या. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे.

आता जुन्या नोंदीबद्दल. सातबाऱ्यावर अण्णांच्या बरोबरीनं अजून आजोबांचं नाव होतं, म्हणून तलाठ्यांनी आजोबांचाही दाखला मागितला. आजोबा कधी गेले हे कुणालाच धड सांगता येईना. शेवटी आत्या म्हणाली, "पानशेत फुटलं त्या पावसाळ्यात. गणपती बसायचे होते." पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. म्हणजे शोधायचे महिने दोनच उरले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तारीख विचारू नका. कोणता दुष्काळ, कोणाचं लग्न, कोणता सण, असं विचारा.

१९६९ च्या कायद्याआधीची नोंद ग्रामपंचायतीत मिळेलच असं नाही. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी वही, शोधायला सांगा. गावाचं नाव, वर्ष आणि महिने लिहून नकलेचा अर्ज द्यावा लागतो. कापडी रुमालात बांधलेली दप्तरं असतात, पानं तुटायला आलेली. त्यात आजोबा 'पांडू' म्हणून सापडले, वडिलांचं नाव जुळत होतं म्हणून ओळख पटली. तेव्हा आडनाव लिहायची पद्धत सगळीकडं नव्हती, त्यामुळे फक्त आडनावावरून शोधू नका. स्वातंत्र्याच्या आधीच्या नोंदी मोडी लिपीत असू शकतात, त्यासाठी मोडी वाचणारा जाणकार गाठावा लागतो. मिळालेली नक्कल प्रमाणित असावी: 'खरी नक्कल' शेरा, सही, शिक्का, तारीख. नुसत्या झेरॉक्सला कुणी विचारत नाही.

शोधूनही नोंद मिळाली नाही तर तोंडी "नाही" वर परत येऊ नका. नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र मागा, त्यासाठी नमुना १० आहे. तो कागद हाती असला तरच दंडाधिकाऱ्यांकडं उशिराच्या नोंदीचा अर्ज उभा राहतो.

प्रती किती घ्याव्यात? मी आठ घेतल्या आणि पाच पुरल्या. बँक, पोस्ट, विमा, पेन्शन, तलाठी अशी यादी आधी करा. बहुतेक ठिकाणी मूळ प्रत दाखवून झेरॉक्स दिली की काम होतं, विम्याला आणि पेन्शनला मात्र मूळ प्रत ठेवून घेतली. वारसनोंदीसाठी तलाठ्यांना तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं, तेव्हा पहिली प्रत तिकडं न्या. आणि नोंदणी क्रमांक सगळ्या भावंडांच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवा. आमच्याकडं तो फक्त माझ्या पिशवीतल्या एका कागदावर होता, आणि धाकट्याला त्याच आठवड्यात तो पुण्याहून तीनदा फोन करून विचारावा लागला.