होम सर्व्हरची हार्ड डिस्क: आधी सीएमआर आहे का बघा

घरच्या छोट्या सर्व्हरसाठी डिस्क घेताना आपण टीबी आणि किंमत बघतो. त्याआधी डेटाशीटमध्ये 'सीएमआर' लिहिलंय का ते शोधा. सीएमआर म्हणजे ट्रॅक (डेटा लिहिण्याच्या गोल रेषा) एकमेकांवर न चढवता लिहिण्याची पद्धत. दुसऱ्या, एसएमआर पद्धतीच्या डिस्कवर ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एरवी फोटो साठवताना हे जाणवतही नाही. पण झेडएफएस पूलमधली (अनेक डिस्क एकत्र जोडून डेटा सांभाळणाऱ्या व्यवस्थेतली) एक डिस्क गेली आणि नवीवर डेटा पुन्हा उतरवायला घेतला, की काम कित्येक दिवस रखडू शकतं. तेवढ्यात दुसरी गेली तर? मला हीच भीती सगळ्यात मोठी वाटते.

'नॅससाठी' (म्हणजे नेटवर्कवरून फाइल्स पुरवणाऱ्या सर्व्हरसाठी) एवढ्या लेबलवर विसंबू नका. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं होतं. रेड प्लस आणि सीगेटची आयर्नवुल्फ सीएमआर आहेत.

डिस्क घरी आली की डेटा भरण्याआधी स्मार्टची (डिस्कमधल्याच स्वतःची तब्येत तपासणाऱ्या यंत्रणेची) लाँग टेस्ट चालवा. मोठ्या डिस्कला रात्रभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, लागू द्या. रीअलोकेटेड (खराब निघाल्याने बदललेले) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे भाग, शून्यच हवेत. 'पॉवर ऑन अवर्स' (डिस्क चालू राहिलेले तास) हजारांत दिसले, तर ती वापरलेली डिस्क आहे. परत करायची मुदत संपण्याआधी बदलून घ्या.